काकांचा सिक्स्टीन बाय टू

होळी झाली की नागपुरात जिन्याखालचे, गच्चीवरचे कूलर बाहेर निघतात. गेल्या सालच्या ताट्या झटकून पाहायच्या, त्या कामातून गेल्या असं एकमतानं ठरवायचं, नव्या वाळ्याच्या घ्यायच्या की साध्या यावर घरात अर्धा तास वाद घालून शेवटी साध्याच आणायच्या, पंपाच्या जाळीतला गाळ काढायचा, टाकीला आतून रंगाचा हात मारायचा. एवढं झालं की घरचा कर्ता माणूस बनियनवर कूलरपुढे बसतो, तो मृगाचा पाऊस पडेपर्यंत उठत नाही. आमच्या प्रतापनगरच्या गल्लीत हा सोहळा एका रविवारी उरकतो. एकच घर त्याला अपवाद. तिथले काका कूलर काढतात, ताट्या बसवतात, पंप धुतात, आणि मग कूलरच्या पुढच्या पत्र्यात पाडलेल्या एका चौकोनी भोकाकडे पाहत उभे राहतात.

ते भोक डिस्प्लेचं. डिस्प्ले अजून ठरायचा आहे. भोक मात्र दर उन्हाळ्यात वेगळ्या मापाचं असतं. कधी आडवं नि अरुंद, कधी चांगलं वीतभर, मग पुन्हा पत्र्याचा तुकडा रिबिटांनी ठोकून लहान केलेलं. कोणत्या वर्षी काकांच्या मनात कोणता डिस्प्ले होता, हे त्या पत्र्यावरच्या जोडांवरून गल्लीतलं कोणीही सांगेल.

काका वीज मंडळातून रिटायर झालेले. मंडळाच्या २००५ साली कंपन्या झाल्या, पण काका अजून ‘मी बोर्डातला’ असंच सांगतात. लोक खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावतात. नोकरीतली बरीच वर्षं मीटरांपुढे गेली. आधी चकती फिरणारे मीटर, मग आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक. पश्चिमेच्या भिंतीवर, भर उन्हात लागलेल्या मीटरची काच मे महिन्यात काळवंडलेली त्यांनी इतक्यांदा पाहिली, की ऊन आणि काच यांचं वैर हा त्यांच्या बोलण्यातला कायमचा विषय होऊन बसला. लग्नाच्या पंगतीतही तो निघतो.

पुण्यातल्या भाच्यानं २०१६ साली त्यांना रास्पबेरी पाय आणून दिला. ८५ मिलिमीटर लांब, ५६ रुंद अशा एकाच हिरव्या पाटीवर अख्खा कॉम्प्युटर: प्रोसेसर, मेमरी, यूएसबीचे सॉकेट आणि कडेनं उभ्या ४० पिना. केंब्रिजच्या मंडळींनी २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला बोर्ड बाजारात आणला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे शाळकरी पोरं होती. कॉम्प्युटर स्वस्त झाला तर पोरं प्रोग्रॅम लिहायला शिकतील, हा हेतू. पोरांच्या हातून तो रिटायर्ड मंडळींच्या हाती कधी गेला, ते केंब्रिजला कळलंही नसेल. हा बोर्ड स्वस्त पडतो, कारण त्यासोबत स्क्रीन येत नाही. ज्याची त्यानं आणायची. भाचा एवढं सांगून पुण्याला निघून गेला आणि काकांच्या मागे काम लागलं.

कूलरची कल्पना मात्र काकांची स्वतःची. मे महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला टाकी आटते, पंप कोरडा फिरू लागतो, ताट्या वाळतात आणि कूलर खोलीत नुसती झळ ओतू लागतो. पंपाचा आवाज बदलला की काकू अर्धवट झोपेतच उठतात, नळीचं तोंड टाकीत सोडतात, भरली की नळ बंद करतात, येऊन झोपतात. त्या घरात आजवर पंप जळलेला नाही. ही सगळी व्यवस्था इलेक्ट्रॉनिक करायची, असं काकांनी ठरवलं. टाकीत पातळी मोजणारा सेन्सर, बोर्डात प्रोग्रॅम आणि समोर एक लहानसा डिस्प्ले. सेन्सर एका दुपारी बसला. प्रोग्रॅम काकांनी त्या वयात शिकून स्वतः लिहिला, आणि तो चालला. ह्याचं कौतुक त्यांना नाही, आम्हालाच आहे. राहिला डिस्प्ले.

त्यासाठी एक लांबट रजिस्टर आहे. प्रत्येक डिस्प्लेला एक ओळ, आणि रकाने पट्टीनं आखलेले: इंच किती, ठिपके किती, व्होल्ट किती, तारा किती, उन्हात दिसतो का, आणि शेवटचा रकाना, ‘हिला चष्म्याशिवाय दिसतो का’. बाकीच्या रकान्यांत कितीही गुण मिळोत, शेवटच्यात फुली पडली की उमेदवार बाद. ०.९६ इंचाचा ओएलईडी तिथंच गेला. १२८ बाय ६४ ठिपके, चार तारांत काम, अंधारात झकास, पण काकूंनी तो हातात घेऊन “हे बटन आहे का?” असं विचारलं. नोकिया ५११० मधला ८४ बाय ४८ ठिपक्यांचा स्क्रीन आता सुटा मिळतो हे कळल्यावर काकांनी कपाटातला आपला जुना हँडसेट काढला आणि बराच वेळ हातात धरून बसले. रजिस्टरात त्याच्या ओळीला शेरा आहे, ‘माणूस चांगला होता’. ई-पेपरचं त्यांना फार आकर्षण वाटलं. त्यावर एकदा उमटलेलं चित्र वीज गेली तरी तसंच राहतं. पण मग ‘टाकी रिकामी’ असं उमटल्यावर लाईट गेली, काकूंनी अंधारात टाकी भरली, तरी तो लाईट येईपर्यंत ‘टाकी रिकामी’ म्हणतच राहणार. “खोटं बोलणारी वस्तू घरात नको,” काका म्हणाले, आणि तोही गेला.

साडेतीन इंची टचस्क्रीनच्या वेळी मी समोर होतो. काकांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. “४८० गुणिले ३२०, म्हणजे झाले १,५३,६०० ठिपके. ठिपक्याले १६ बिट. झाले २४,५७,६०० बिट, एका चित्राचे. अन् ते नेणारी तार सेकंदाले १ कोटी ६० लाख बिट नेते. भाग बरं.”

“साडेसहा,” मी म्हणालो.

“सेकंदाले साडेसहा चित्रं! सिनेमा चोवीसनं चालते. हा अडखळत चालन.”

“काका, टाकीतलं पाणी सेकंदाला कितीदा बदलणार?”

काकांनी पत्रिका खाली ठेवली. मी फार बालिश बोललो असा चेहरा. “प्रश्न पाण्याचा नाही ना बे,” ते म्हणाले, “प्रश्न डिस्प्लेचा आहे.”

सगळं आलं त्या एका वाक्यात.

बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. तिथं काकांसाठी एक स्टूल राखीव असतं. जानेवारी ते एप्रिल हा त्या दुकानाचा हंगाम. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टची यादी मोबाइलवर घेऊन येतात आणि प्रत्येक यादीत एक ओळ असतेच, ‘सिक्स्टीन बाय टू’. म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारा, आगगाडीच्या डब्यासारखा लांबुडका डिस्प्ले. प्रोजेक्ट कोणताही असो, पार्किंगचा, पिकांना पाणी देण्याचा, आंधळ्यांच्या काठीचा, शेवटी मजकूर या डिस्प्लेवरच उमटतो. (आंधळ्यांच्या काठीला डिस्प्ले कशाला, हे काकांनी एकदा विचारलं होतं. पोरगं म्हणालं, “सरांना दाखवाले.”)

“हिरवा देऊ का निळा?” दुकानदार विचारतो.

“निळा द्या ना, भारी दिसते,” पोरगं म्हणतं, आणि स्टुलावरून आवाज येतो, “थांब बाबू. लावणार कुठं?”

“कॉलेजात, काका.”

“लॅबमध्ये का खिडकीपाशी?”

पोरगं दुकानदाराकडे पाहतं. दुकानदार बिल करायच्या मागे लागलेला असतो.

“निळ्यात अक्षरं पांढरी. ते मागच्या लाईटावर दिसते. ऊन आलं का गेले. हिरव्यावर काळी अक्षरं, ते उन्हात अजूनच चांगले दिसते. एक्झामिनर खिडकीपाशी बसला, अन् त्याले काही दिसलंच नाही, तर मार्क कोण देईन तुले?”

पोरगं हिरवा घेऊन जातं. दुसऱ्या दिवशी तेच पोरगं रडव्या तोंडानं परत येतं: डिस्प्ले खराब निघाला, दोन्ही ओळींत नुसते काळे चौकोन, बाकी काही नाही. दुकानदार बदलून द्यायला निघतो, आणि काका हात पुढे करतात. डिस्प्लेच्या पाठीला चिकटलेल्या लहान बोर्डावर एक निळा प्रीसेट असतो, नखाएवढा, वर अधिक चिन्हाची खाच. काका टेस्टरचं टोक त्या खाचेत टेकवतात, डोळे मिटल्यागत करतात आणि हळूच डावीकडे फिरवतात. काळे चौकोन राखाडी होतात, राखाडीचे फिके होतात आणि त्या फिक्यातून पोराचं नाव, रोल नंबरासकट, वर येतं. कॉन्ट्रास्ट, दुसरं काही नाही. वीसभर पोरांची सबमिशनं ह्या टेस्टरनं वाचवली असतील. मी एकदा ते काम शेजारी उभं राहून पाहिलं, आणि काकांविषयी जे काही वाईट बोलायचं मनात होतं त्यातलं निम्मं तिथंच सोडून दिलं.

मग एवढं सगळं कळतं तर तो हिरवा स्वतःच का नाही घेत? विचारलं मी. काकांनी दुकानदाराकडून डेटाशीट मागून घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: चालण्याचं तापमान, ० ते ५० अंश.

“अन् नागपूर?” काका म्हणाले.

नागपूरचं सांगायला नको. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तोही हवेतला, सावलीतला. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या पत्र्यावर दुपारी हात ठेवून पाहा आणि मग आकडा बोला. शिवाय ३० मे २०२४ हा दिवस काका विसरत नाहीत. त्या दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. बाकी नागपूर ‘तरी वाटलंच’ म्हणून कामाला लागलं. काकांना मात्र रात्रभर एका विचारानं झोप नव्हती: समजा खरंच ५६ झाले, तर ५० पर्यंतच जगणारा डिस्प्ले ते सांगणार कसे?

दुकानदारानं एकदा त्यांना उणे २० ते ७० अंशांत चालणारा डिस्प्ले शोधून दिला. जरा महाग होता. काकांनी तो उलटसुलट केला, कागद वाचला आणि परत ठेवला. “सत्तर ठीक आहे. पण उणे वीसचे पैसे मी कायले देऊ? नागपुरात उणे वीस कोणत्या साली होणार? अर्धे पैसे तर थंडीचे घेऊन राहिला हा!”

उन्हात डिस्प्ले का काळवंडतो, हे काका ज्या तऱ्हेनं सांगतात तसं मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नाही. ते गाजरापासून सुरू करतात. प्रागमधल्या रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८८ साली गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवला. १४५ अंशांच्या पुढे तो वितळला, पण गढूळ. आणखी तापवला, १७८ च्या पुढे तो गढूळपणा एकाएकी गेला आणि द्रव नितळ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! मधला जो गढूळ प्रांत, तिथं पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण त्याचे रेणू रांगेत राहतात. हाच लिक्विड क्रिस्टल. डिस्प्लेतली अक्षरं म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर वळणारी त्या रेणूंची रांग. उष्णता हद्दीबाहेर गेली की रांग मोडते, आणि वळवायला काही उरतच नाही. काचेवर मग डाग पडतो. थंड झाल्यावर रेणू बहुधा परत रांगेत येतात. “बोर्डातल्या माणसासारखे,” काका सांगतात, “साहेब गेला का उठते, आला का बसते.”

इथून पुढे गाडी नागपूरच्या अभिमानावर येते. लिक्विड क्रिस्टलच्या विषयात जगभर ज्यांचं नाव घेतात ते शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पहिले येऊन एम.एस्सी. झाले. मग ते बंगळुरूला मामांकडे संशोधनाला गेले. मामा म्हणजे सी. व्ही. रामन, तेही ऐन तरुणपणी, १९१० च्या सुमाराला, सरकारच्या अर्थखात्यातर्फे नागपुरात नोकरीला होते. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिलं की लिक्विड क्रिस्टलचे रेणू काडीसारखेच असले पाहिजेत असं नाही, चकतीसारखेही चालतात. चकती म्हटल्यावर काकांना जुने मीटर आठवतात आणि आवाज जरा ओला होतो.

“मग काका, नागपुरात शिकलेल्या माणसाचा हा विषय, अन् नागपुरातच डिस्प्ले काळा पडतो?”

“बंगलोरले गेला ना तो,” काका म्हणाले. “तिथं पंखाही लागत नाही. इथं राहिला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात साठ अंशावर चालणारा काढला असता.”

आता भाषेची गोष्ट, जिच्यात काकांचा एक अख्खा पावसाळा गेला. सिक्स्टीन बाय टूच्या पोटात इंग्रजी अक्षरं कारखान्यातूनच भरलेली असतात. देवनागरी नाही. पण स्वतः काढलेली आठ अक्षरं साठवायची सोय असते, प्रत्येक अक्षर पाच ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. फक्त आठ. ‘वॉटर लो’ लिहून मोकळं होता आलं असतं. पण काकूंसाठीचा निरोप इंग्रजीत देणं काकांना पटेना, आणि त्यांनी चौकटीच्या वहीत, एकेका घरात पेन्सिलीनं ठिपके भरत, मराठी अक्षरं बसवायला घेतली.

पाच बाय आठमध्ये ‘ण’ काढून पाहा. दोन दांड्या आणि मधली वाटी, पाच ठिपक्यांत. शिरोरेषेला वरची एक ओळ द्यावी, तर अनुस्वाराला जागा राहत नाही. अनुस्वार द्यावा, तर शिरोरेषा एक घर खाली येते आणि शेजारच्या अक्षराशी जुळत नाही. त्यात दोन अक्षरांच्या मध्ये काचेतच एक फट असते, ती काही केल्या भरत नाही. शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. काका ती तुटलेली रेषा पाहून हळहळायचे, पण शेवटी त्यांनी जमवलं. प, काना, ण, दुसरी वेलांटी, सं, लं, भ, र. मोजा, आठ. या आठांत ‘पाणी संपलं’ ही वरची ओळ होते आणि ‘पाणी भरा’ ही खालची. एकही अक्षर जास्त नाही, एकही कमी नाही. तो कागद घेऊन ते रात्री साडेनऊला आमच्याकडे आले होते. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर मुलाला नोकरी लागली तेव्हाही पाहिला नव्हता.

काकूंनी कागद वाचला. “‘भरा’? हुकूम सोडून राहिले का मले?”

काका गडबडले. ‘कृपया’ घालायचं तर ‘कृ’ आणि ‘य’ ही दोन अक्षरं जादा लागतात, म्हणजे झाली दहा. मावत नाही. बरं, ‘पाणी भरा’ गाळून नुसतं आपल्या बोलीत ‘पाणी संपून राहिलं’ असं लिहावं, तर अकरा लागतात. हेही मावत नाही. विनंती मावत नाही, नागपुरी मावत नाही. मावतो तो फक्त हुकूम. काका दोन दिवस पुन्हा वही घेऊन बसले. मग काकूंनाच दया आली. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, “बोर्डाच्या नोटिशीही अशाच येते.”

तरी डिस्प्ले आला नाही, कारण तोवर टचस्क्रीनची गाडी पुन्हा रुळावर आली होती. रास्पबेरी पायवाल्यांचा स्वतःचा सात इंची टचस्क्रीन २०१५ पासून बाजारात होता, ८०० बाय ४८० ठिपक्यांचा. अनेक वर्षांच्या विचारांती काकांनी तो २०२४ च्या दिवाळीनंतर घ्यायचा असं पक्कं केलं. भाऊबीज उलटते न उलटते तोच कंपनीनं नवा टचस्क्रीन जाहीर केला, ७२० बाय १२८० ठिपक्यांचा. काकांनी कपाळाला हात लावला नाही. उलट असं पाहिलं आमच्याकडे, की बघा, घेतला असता तर? असंच पूर्वी पाय ४ आला तेव्हा झालं. जुना एचडीएमआयचा मोठा सॉकेट जाऊन दोन बारके आले. पाय ५ आला तेव्हा डिस्प्लेची रिबन केबल बदलली, पंधरा पिनांची जागा बावीस बारीक पिनांनी घेतली. आता काकांकडे बोर्ड आहे तो २०१६ चाच. त्याचे सॉकेट जिथल्या तिथं आहेत. पण उद्या बोर्ड बदलला तर, ह्या एका ‘तर’पायी त्यांनी चालू बोर्डाला होणारे किती डिस्प्ले परत पाठवले ते रजिस्टरात लिहिलेलं आहे.

काही लोक त्यांना चिकट म्हणतात. साफ खोटं. बर्डीच्या फेऱ्यांत जेवढं पेट्रोल गेलं, तेवढ्यात सिक्स्टीन बाय टूची पेटी आली असती. माणूस देण्याघेण्यात सढळ आहे. काही जण म्हणतात, धाडस नाही. तेही नाही, खांबावर चढून जम्पर जोडलेला माणूस आहे तो. त्यांना भीती आहे ती वस्तू घेतल्यानंतरच्या आठवड्याची. घेतल्यावर ती एकच उरते, आणि न घेतलेल्या सगळ्या एकदम चांगल्या दिसू लागतात. न घेईस्तोवर मात्र सगळ्या आपल्याच. काकांच्या रजिस्टरात जेवढे डिस्प्ले त्यांच्या मालकीचे आहेत, तेवढे बर्डीच्या दुकानातही नसतील. आणि गंमत अशी, की या माणसाच्या भरवशावर बाकी सगळे घेऊन मोकळे झाले. आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत दळणाचा नंबर दाखवणारा डिस्प्ले काकांच्या सांगण्यावरून आला. पलीकडच्या मेसमध्ये आज शिल्लक भाजी कोणती ते लाल अक्षरांत सरकतं, तेही काकांमुळेच. त्यांच्या सल्ल्यानं घेतलेला डिस्प्ले कोणाकडे बंद पडलेला मी पाहिला नाही. स्वतःचं घर तेवढं भोकाचं राहिलं.

यंदा मे महिन्यात काका एका लग्नाला अमरावतीला गेले, दोन दिवस. ती संधी त्या हिरव्या डिस्प्लेवाल्या पोरानं साधली. पोरगं आता पास झालेलं, चांगल्या मार्कांनी, एक्झामिनर खिडकीपाशीच बसले होते म्हणे. पेढे घेऊन आलं, काका नाहीत म्हणून कूलरकडे पाहत उभं राहिलं, आणि काकूंना म्हणालं, “लावून देऊ का?”

“लाव रे बाबू,” काकू म्हणाल्या. एवढंच लागणार होतं त्या कामाला.

पोरानं दुकानातला साधा हिरवा सिक्स्टीन बाय टू आणला. डिस्प्ले ५ व्होल्टचा, बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यामुळे मध्ये लेव्हल शिफ्टर टाकला, ही काकांचीच शिकवण. रजिस्टरातून काकांची आठ अक्षरं उतरवून घेतली. भोकाचं माप मोठं निघालं म्हणून बाजूला पुठ्ठा कापून बसवला. पत्र्याच्या आतून थर्माकोल लावला, ऊन थेट लागू नये म्हणून वर छोटी झडप. संध्याकाळी लाईट दिला आणि कूलरच्या तोंडावर, तुटक्या शिरोरेषेनं का होईना, ‘पाणी संपलं’ अशी अक्षरं उमटली. काकूंनी जवळ जाऊन चष्म्याशिवाय वाचलं. गल्लीतली आम्ही सगळी जमलो.

दुसऱ्या दिवशी काका आले. पिशवी हातातच. बराच वेळ बोलले नाहीत. पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, खाली वाकून झडपेची सावली कुठं पडते ते पाहिलं. टेस्टर काढून प्रीसेट केसभर डावीकडे फिरवला. पोरगं हात बांधून उभं. मला वाटलं, आता हा माणूस कशावर जगणार?

“चालू कर बरं पंप,” काका म्हणाले.

पंप घर्र करून सुरू झाला आणि त्याच क्षणी डिस्प्लेवरची मराठी पार विस्कटली. तिथं भलतीच अक्षरं आली, आडव्या-तिरक्या रेघांची, मध्येच एखादा चौकोन, मध्येच प्रश्नचिन्ह.

“हे काय लिहून राहिलं?” काकूंनी विचारलं.

“जपानी आहे, काकू,” पोरगं ओशाळून म्हणालं. “ही चिप मुळात हिताचीवाल्यांची. त्यांनी आपली अक्षरं आतच भरून ठेवली आहे. पंपाचा झटका बसला का डिस्प्ले चुकते, अन् तेच बाहेर येते.”

“अन् म्हणते काय?”

“काहीच नाही. गचाळा आहे नुसता.”

काकूंनी टाकीत डोकावलं, नळीचं तोंड आत सोडलं आणि नळाकडे गेल्या. “पाणीच मागत असन,” त्या जाता जाता म्हणाल्या.

काकांचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आतून रजिस्टर आणलं, कोरं पान उघडलं, वर ‘कपॅसिटर’ असं लिहून अधोरेखित केलं आणि पट्टी लावून रकाने आखायला घेतले. सिरॅमिक, पॉलिएस्टर, इलेक्ट्रोलिटिक. व्होल्ट किती, मायक्रोफॅरड किती, उन्हात टिकतो का.

“उद्या बर्डीवर किती वाजता निघायचं?” त्यांनी पोराला विचारलं.

“एका कपॅसिटरसाठी दोघं कायले, काका? मी आणतो ना येता येता.”

“एक कसा बे,” काका म्हणाले. “पाहा लागन ना आधी.”